फोटोत चूल कुठे आहे?

(आशागड, ता. डहाणू येथील महिला मेळाव्यात केलेलं भाषण)



मला आज घरकुलांवर बोलायला सांगितलं आहे. कागदपत्रांवर बोलणारच आहे, पण सुरुवात एका फोटोपासून करते.

मागच्या उन्हाळ्यात जवळच्याच एका पाड्यावर गेले होते. तिथल्या एका बाईंचं घरकुल मंजूर झालं होतं आणि जुनं घर चार दिवसांनी उतरवायचं होतं. कारवीचा कूड, शेणामातीचं सारवण, वर कौलं. मला बघून त्या म्हणाल्या, "बाय, त्या मोबाईलातला माझे घराचा फोटू मना मिळंल का?"

कोणता फोटो? तर मंजुरीच्या वेळी काढलेला. 2016 पासून चालू असलेल्या ग्रामीण आवास योजनेत राहत्या जुन्या घराचा आणि बांधायच्या जागेचा फोटो काढून नोंदवतात. पुढे बांधकामाच्या टप्प्याटप्प्यावरही फोटो निघतात. म्हणजे या बाई ज्या घरात सून म्हणून आल्या आणि आजी झाल्या, त्या घराचा एकच फोटो निघाला, आणि तो कशासाठी? तर हे घर कच्चं आहे, हे दाखवायला. फोटोत दारासमोर नवरा उभा. बाई आत भाकऱ्या थापत होत्या. त्यांना कुणी बाहेर बोलावलं नाही.

2018 च्या नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरीत भूकंपाचे धक्के बसू लागले, माणसं कडाक्याच्या थंडीत पोराबाळांना घेऊन उघड्यावर झोपली. तेव्हाही घरांचे फोटो निघाले, पण भिंतीच्या भेगांचे. ते फोटो लागतातच, त्याशिवाय भरपाई कशी मागणार? पण आपल्या घरात काय मोडलं आणि काय कमी आहे एवढंच टिपलं जातं. त्या घरात कोण कसं जगलं, हे टिपायला कोण येतं?

तो सरकारी फोटो काही मला मिळाला नाही. मग मी माझा मोबाईल त्या बाईंच्याच हातात दिला. म्हटलं, तुम्हाला हवं ते काढा.

मला वाटलं होतं, त्या अंगणातून अख्खं घर घेतील. मी तसंच घेतलं असतं. त्या थेट आत गेल्या. पहिला फोटो चुलीचा. मग धुरानं काळे झालेले वासे. मग कणगी. मग उखळ, त्याची कड कांडून कांडून झिजलेली. मग एक रिकामा कोपरा. मी विचारलं, इथे तर काहीच नाही? म्हणाल्या, "इथं माझी चार बाळंतपणां झाली. दोन पोरां राहिली."

पुढे मला बोलता आलं नाही.

शेवटी त्यांनी एक भिंत दाखवली. मुलीच्या लग्नात तिथे चौक काढला होता. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं सवाशिणींनी काढलेला, मधे पालघट देवी. चौकाशिवाय वारल्यांचं लग्न लागत नाही, आणि लग्न लावायला धवलेरी लागते, तीही बाईच. भिंत पुन्हा सारवली की चौक जातो, पण काढणाऱ्या हातात तो राहतो. 1970 च्या दशकात ही चित्रं कागदावर आली. याच तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली, त्याचा आपल्याला अभिमान आहे. पण त्याआधी पिढ्यान्‌पिढ्या भिंती रंगवणाऱ्या बायांची नावं कुणी लिहून ठेवली?

आणि हे फक्त पाड्यावरचं नाही. माझं आजोळचं घर विकलं, तेव्हा मामानं फोटोग्राफर आणून फोटो काढून घेतले. ओसरी, झोपाळा, देवघर, तुळशीवृंदावन. अल्बम बघताना सगळ्यांचे डोळे भरून येतात. पण त्यात स्वयंपाकघर नाही. माझी आजी पन्नास वर्षं जिथे उभी होती, ती जागाच नाही. जुन्या घराची हुरहुर सगळ्यांनाच असते, पण ती बहुतेक ओसरीवरून बघणाऱ्याची असते. चुलीपुढच्या बाईला घर आठवतं ते धुरासकट, आणि कुणाला मारासकटसुद्धा.

म्हणून कुणी म्हणेल, जुनी घरं किती सुंदर, पाडू नका, तर त्या बाई काय म्हणाल्या ते ऐका. "नवीन घर मना पायजे. पावसात झोप तरी लागंल. पण फोटू पन पायजे." दोन्ही हवं असणं यात काही चूक नाही. गळणाऱ्या कौलांखाली राहून दुसऱ्यांसाठी आठवणी जपणं हे बायांचं काम नाही.

आता हक्काचं. नवं घर बाईच्या किंवा नवरा-बायको दोघांच्या नावे मंजूर व्हावं, असं योजनेचा नियमच सांगतो. 2006 च्या वनहक्क कायद्यात पट्ट्यावर नवरा-बायको दोघांची नावं लागतात. हिंदू वारसा कायदा आदिवासींना लागू नाही, त्यामुळे मुलींना वाटा नाकारला जातो. पण जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात सांगितलं की, रूढी तसं सिद्ध करत नसेल तर बाई म्हणून तिचा वाटा नाकारता येणार नाही. फोटोत नाही आणि कागदावरही नाही, असं आपलं किती दिवस चालायचं?

तेव्हा एवढं करू या. ज्या घरी घरकुल मंजूर झालं आहे, तिथे घर उतरवण्याआधी जायचं. मोबाईल घरातल्या बाईच्या हातात द्यायचा. आत अंधार असतो, म्हणून सकाळी, दारं उघडी ठेवून फोटो काढायचे. दोन-चार तरी छापून आणायचे, मोबाईल हरवतो, बिघडतो. मागे लिहायचं, हे कुणाचं घर, चौक कुणी काढला. तिला विचारल्याशिवाय तो फोटो कुठेही द्यायचा नाही. आणि त्याच फेरीत ग्रामपंचायतीत जाऊन नमुना आठचा उतारा बघायचा, घराला नाव कुणाचं लागलं आहे.

त्या बाईंना मी चुलीचा आणि कोपऱ्याचा फोटो छापून नेऊन दिला. नव्या घरात लावाल का, विचारलं. "नाय," म्हणाल्या. "पेटीत ठेवीन. कागदांसंग."