स्टॉकहोममध्ये स्वस्तात राहायचं तर



युरोपातल्या महागड्या राजधान्यांची यादी काढली, की स्वीडनचं स्टॉकहोम तिच्यात हमखास येतं. शिकायला निघालेली मुलगी असो की निवृत्तीनंतर जग पाहायला निघालेलं जोडपं, तिथल्या हॉटेलांचे दर पाहून पाय अडखळतात. अशा सगळ्यांना मला आज आग्रहानं सांगायचं आहे, की हॉस्टेलचा विचार करा. आणि तो करताना हॉस्टेल स्वस्त का असतं, हे आधी समजून घ्या. ते समजलं, की निवड चुकत नाही.

हॉस्टेलची कल्पना एका शिक्षकाची. जर्मनीतले रिचर्ड शिरमन आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन दूरदूर पायी सहलींना जात. 1909 च्या ऑगस्टमध्ये अशाच एका सहलीत वादळी पावसानं गाठलं आणि मुलांना रात्र एका गावच्या शाळेत काढावी लागली. सुट्टीत रिकाम्या पडणाऱ्या शाळांमध्ये मुलांची सोय का करू नये, असं त्यांच्या मनात आलं. पुढे अल्टेना गावच्या जुन्या किल्ल्यात जगातलं पहिलं कायमचं यूथ हॉस्टेल सुरू झालं. आपल्याकडे यूथ हॉस्टेल्स असोसिएशनबरोबर हिमालयात सार पासचा ट्रेक केलेली मराठी मुलं पुष्कळ आहेत. ती संस्था याच यूथ हॉस्टेल चळवळीतली.

या चळवळीचं सूत्र साधं आहे. आपलं काम आपण करायचं. स्वीडनमध्ये माणसाच्या श्रमाला चांगला मोबदला द्यावा लागतो, म्हणून तिथं हे सूत्र आजही टिकून आहे. अंथरूण आपणच घालायचं, स्वयंपाक आपणच करायचा, भांडी आपणच घासायची; काही हॉस्टेलांत तर निघताना खोलीही आपणच झाडून पुसून द्यायची, नाहीतर सफाईचे पैसे वेगळे भरायचे. म्हणून फक्त खाटेचा दर पाहून हुरळून जाऊ नका. चादर, उशीचा अभ्रा आणि टॉवेल दरात धरलेले आहेत का, ते वाचा. अनेक ठिकाणी त्यांचं भाडं निराळं पडतं. मग घरूनच चादर न्या. मात्र स्लीपिंग बॅग चालेल असं गृहीत धरू नका. स्वच्छतेच्या कारणानं ती बऱ्याच ठिकाणी वापरू देत नाहीत. लॉकर असतो, कुलूप आपलं लागतं. शिवाय रोख रकमेवर विसंबू नका, कारण स्टॉकहोममध्ये पुष्कळ ठिकाणी फक्त कार्डच चालतं.

माझ्या मते खरी बचत होते ती स्वयंपाकघरात. बाहेरच्या दोन वेळच्या जेवणात जेवढे पैसे जातात, तेवढ्यात किराणा आणून दोघांचे दोन-तीन दिवस सहज निघतात. तांदूळ, डाळ, बटाटे, दही तिथल्या कुठल्याही मोठ्या दुकानात मिळतं. घरून मसाला, पोहे न्या. पण तूप, पनीर किंवा मांसाचे पदार्थ नेऊ नका, युरोपीय संघाबाहेरून ते आणायला मनाई आहे. पाणी विकत घेऊच नका, नळाचं पाणी उत्तम असतं. आणि फोडणी करताना पंखा लावा, खिडकी उघडा. तिथं आपल्यासारखेच आणखी दहाजण जेवणार असतात.

आता जागा. मध्यवस्तीत राहायचा हट्ट इथं धरायचं कारण नाही. शहराच्या सार्वजनिक वाहतुकीचं साधं तिकीट 75 मिनिटं चालतं, आणि त्यात अंतराप्रमाणे भाडं वाढत नाही. भुयारी रेल्वे, बस, लोकल, सगळं त्यातच. त्यामुळे चार स्टेशनं लांबचं हॉस्टेल खुशाल घ्यावं. याच तिकिटावर आर्लांडा विमानतळावरूनही शहरात येता येतं. 583 क्रमांकाची बस मेर्स्ता स्टेशनात सोडते, तिथून लोकल पकडायची. विमानतळाच्या आतल्या स्टेशनातून गाडी पकडली, तर वेगळा आकार द्यावा लागतो. बसनं वेळ थोडा जास्त जातो, पैसे मात्र खूप वाचतात.

खोली निवडताना खिडकी आहे का, हे जरूर पाहा. स्टॉकहोममध्ये तळघरातल्या, बिनखिडकीच्या स्वस्त खोल्याही मिळतात. एका रात्रीपुरतं ठीक. पण डिसेंबरात, जेव्हा दुपारी तीनच्या आतच सूर्य मावळतो, तेव्हा आठवडाभर अशा खोलीत राहणं मनाला जड जातं. जूनमध्ये उलटी तऱ्हा. रात्र पुरती काळोखी होतच नाही, म्हणून डोळ्यांवर बांधायची पट्टी जवळ हवी. एकट्या जाणाऱ्या मुलींनी फक्त स्त्रियांसाठीची खोली आहे का, ते बघावं. बऱ्याच ठिकाणी असते.

स्वस्त म्हणजे कळकट, असं मात्र मुळीच समजू नका. शहराच्या पश्चिमेला लोंगहोल्मेन नावाचं बेट आहे. तिथला तुरुंग 1975 मध्ये बंद झाला, आणि उरलेल्या इमारतीत आता हॉटेल आणि हॉस्टेल आहे. जुन्या कोठड्यांमध्ये प्रवासी झोपतात, उन्हाळ्यात समोरच पोहायला उतरतात. आणि शेप्सहोल्मेन बेटाच्या काठाला, राजवाड्याच्या समोर, ‘आफ चॅपमन’ हे 1888 मध्ये बांधलेलं तीन डोलकाठ्यांचं पांढरंशुभ्र जहाज उभं आहे. 1949 पासून ते हॉस्टेल म्हणून वापरात आहे. एवढी मोक्याची जागा, आणि ती श्रीमंतांसाठी राखून न ठेवता विद्यार्थ्यांना, भटक्यांना खुली ठेवली, याचं मला फार मोल वाटतं.

‘आफ चॅपमन’ हॉस्टेलच्या काही खोल्या जहाजावर आणि काही किनाऱ्यावरच्या इमारतीत आहेत. नोंदणी करताना आपली खोली कुठली, ते नीट वाचा. जून ते ऑगस्टमध्ये जायचं असेल, तर काही महिने आधीच ठरवा. शेंगेन व्हिसाच्या अर्जाला राहण्याच्या सोयीचा पुरावा जोडावा लागतो, तेव्हा व्हिसा हाती येईपर्यंत पैसे न कापता रद्द करता येईल, अशीच नोंदणी घ्या.