आठ बिटांची चौकट



साहित्याच्या प्राध्यापकाने प्रोसेसरवर बोलावे याचे नवल वाटेल. पण प्रश्न भाषेचाच आहे.

एका संगणकात अनेक आभासी संगणक चालवता येतात. त्यांतल्या प्रत्येक आभासी प्रोसेसरला वेळोवेळी ‘इंटरप्ट’ पोहोचवावा लागतो. कोश त्याला ‘व्यत्यय’ म्हणतात. मी ‘हाक’ म्हणेन, कारण हातचे काम ठेवून प्रोसेसर तिला ओ देतो. पूर्वी हाक पोहोचवायला आज्ञावली मध्ये पडे. एएमडीच्या ‘एव्हिक’ सोयीत बहुतेक वेळा यंत्रच ती पोहोचवते. मात्र तिच्या मूळ पद्धतीत पत्ता आठ बिटांचा. त्यात 256 आकडे मावतात. त्यांतला 255 हा ‘सर्वांना हाक’ देण्यासाठी राखीव. उरले 0 ते 254. म्हणून एका आभासी संगणकात 255 प्रोसेसर. त्यापुढच्याला पत्ताच नाही. पुढे ‘एक्सटूएव्हिक’ने पत्ता रुंदावला आणि मर्यादा आधी 512वर गेली.

हीच चौकट आपल्या लिप्यांनीही सोसली. 1991च्या ‘इस्की’ मानकात देवनागरी आणि कन्नड ‘क’ला एकच क्रमांक होता; लिपी सांगणारी खूण हरवली, तर धारवाडची मराठी ओळ कन्नड लिपीत उमटू शके. युनिकोडने दोघींना स्वतंत्र घरे दिली.

तेव्हा एखादी गोष्ट मराठीत ‘बसत नाही’ असे कोणी म्हटले, तर विद्यार्थ्यांनी आधी विचारावे: चौकट किती रुंद आखली होती, आणि कोणी?