विजेची उसळी : यंत्राचे रक्षण आणि माणसाचे



नागपुरात मे महिन्यात विजेवर बोलायचे, तर कूलरपासून आरंभ केलेला बरा. खिडकीत पत्र्याची पेटी, तळाशी पाणी आणि त्या पाण्यात सोडलेला पंप. या पत्र्याला हात लागून विदर्भात दर उन्हाळ्यात माणसे दगावतात, आणि त्यांत लेकरेही असतात. त्याच घरात दूरचित्रवाणीच्या मागे 'स्पाइक गार्ड'ची पट्टी असते, आणि तेवढ्यावर घरधनी निर्धास्त असतो. ती पट्टी फार तर दूरचित्रवाणीला राखील. कूलरला हात लावणाऱ्या पोराला तिचा काडीइतकाही उपयोग नाही. आज आम्ही बोलणार आहोत ते कारखान्यांविषयी, परंतु तेथेही गल्लत होते ती नेमकी हीच.

विजेची उसळी म्हणजे काय? आपल्या घरात २३० व्होल्टचा दाब असतो. जवळपास वीज कोसळली, किंवा एखादी मोठी मोटार एकाएकी बंद झाली, की सेकंदाच्या काही लाखांश भागापुरता तारेतला दाब हजारो व्होल्टवर चढतो आणि लगेच उतरतो. दिवा लुकलुकतोच असे नाही. जमशेटजी टाटांची एम्प्रेस गिरणी १८७७ साली सुरू झाली, तेव्हा गिरणीचा गाडा वाफेवर आणि पट्ट्यांवर चाले. पुढे विजेच्या मोटारी आणि रिले आले. रिले म्हणजे तांब्याचे वेटोळे आणि दोन संपर्कबिंदू. असली उसळी तो बहुधा पचवून टाकी. आज हिंगण्याच्या आणि बुटीबोरीच्या वसाहतींत यंत्रांचा कारभार इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाच्या हाती आहे. त्याचे निरोप २४ व्होल्टवर चालतात, आणि त्याच्या आतील विद्युत्‌रोधक थर माणसाच्या केसाच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असतो. हा मेंदू हुशार खरा, पण फार नाजूक.

त्याचे रक्षण करणारी एक साधी दिसणारी चकती आहे. जपानातील मात्सुशिता कंपनीत मिचिओ मात्सुओका यांनी १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस ती सिद्ध केली. जस्ताच्या भस्मात बिस्मथ इत्यादी धातूंची भस्मे मिसळायची, दाबून वडी करायची आणि कुंभार मडके भाजतो तशी ती भाजायची. वडीतल्या दोन कणांमधली प्रत्येक सीमा सुमारे तीन व्होल्ट अडवून धरते. अशा शेकडो सीमा एकापुढे एक आल्या की घरचा दाब अडतो. त्यापलीकडची उसळी आली की साऱ्या सीमा एकदम वाट देतात, लोंढा जमिनीकडे निघून जातो आणि वाट पुन्हा बंद होते. तलावाच्या सांडव्यासारखेच हे काम आहे.

सांडवा म्हटले की नागपूरकरांना अंबाझरी आठवणारच. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे तलाव भरून वाहिला. सांडवा होता, पाणी त्यावरून गेलेही, परंतु पुढच्या वाटेत ते मावले नाही आणि वस्त्यांत शिरले. आमच्या चकतीचेही असेच आहे. तिच्यापुढची वाट म्हणजे 'अर्थिंग'. हिंगण्याकडची काळी जमीन वैशाखात वाळते, आक्रसते आणि भेगाळते. जमिनीत पुरलेल्या नळीला धरून बसलेली माती सुटून बाजूला होते. अशा जमिनीत विजेचा शिरकाव कठीण. आणि वळवाची गडगडाटी वादळे नेमकी याच दिवसांत, पहिला पाऊस मुरण्यापूर्वी येतात! अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालणे हे माळ्याचे काम समजून कारखान्यातले लोक हसतात, पण त्याची खरी गरज याच दिवसांत असते.

तारेच्या लांबीचीही गोष्ट सांगून टाकतो. उसळी इतकी वेगवान असते, की चकतीला जोडणारी सरळ तारसुद्धा तिला अडवते. दहा हजार अँपियरचा लोट आला, तर मीटरभर तारेवरच हजाराहून अधिक व्होल्ट उभे राहतात. म्हणून ही जोडणी एकंदर अर्ध्या मीटरच्या आत ठेवावी असा दंडक आहे. वायरमन शोभेसाठी तारेला सुबक वळसे देतो, तेव्हा तो रक्षकाचेच हात बांधत असतो.

आता मुख्य मुद्दा. समजा, तेल तापवण्याची एक भट्टी आहे आणि तिची वीज थायरिस्टर नावाचा अर्धवाहक चालू-बंद करतो. उसळीने तो जळाला. सामान्य माणसाला वाटेल, जळाला म्हणजे भट्टी बंद पडली. पण अर्धवाहक पुष्कळदा जळतो तो वाट उघडी टाकून! नियंत्रक 'बंद' म्हणतो आहे, वीज मात्र वाहतेच आहे आणि तेल तापतेच आहे. अशा वेळी कामगाराने धावत जाऊन तांबडे बटण दाबले आणि त्या बटणाने त्याच नियंत्रकाची मनधरणी केली, तर काय होणार? म्हणून तांबड्या बटणाने मेंदूला न विचारता वीजच तोडली पाहिजे. तापमानाची शेवटची मर्यादा राखणारे उपकरणही वेगळे, स्वतःच्या तारेवर असले पाहिजे.

यात नवे काही नाही. रेल्वेचा जुना हाताचा सिग्नल आठवा. त्याची तार तुटली की वजनाच्या जोराने हात आडवा होई आणि गाडी थांबे. तार तुटल्यावर गाडीला 'ये' म्हणणारा सिग्नल कोणी उभारला नसता. तांबड्या बटणाची तारही अशीच हवी, की ती उंदराने कुरतडली तरी यंत्र थांबावे. एम्प्रेस गिरणीत फार पूर्वीच आगीवर पाणी फवारणारे नळ बसवले होते. अशा नळात आगीच्या धगीने तोंडावरचा डाख वितळतो आणि पाणी सुटते. तेथे कोणाच्या मेंदूवर भिस्त नाही. स्फोटकांच्या कारखान्यांत, आणि ते आपल्या नागपूरभोवती बरेच आहेत, वीजवाहक कितीही उत्तम असला तरी वादळ घोंगावू लागले की काम थांबवून माणसांना बाहेर काढतात. ती रीत आम्हांला फार शहाणपणाची वाटते.

ही चकतीही अमर नव्हे. प्रत्येक उसळीगणिक ती थोडी झिजते, आणि झिजताना आवाज करीत नाही. चांगल्या रक्षकाला लहानशी खिडकी असते. ती हिरव्याची तांबडी झाली म्हणजे तो संपला. आम्ही पाहिलेल्या कित्येक पेट्यांत ती खिडकी धुळीने भरलेली होती. घरी कूलरसाठी मात्र याहून वेगळे साधन हवे. तीस मिलिअँपियर वीज वाट चुकली की पुरवठा तोडणारा ई.एल.सी.बी. बसवावा, महिन्यातून एकदा त्याचे चाचणीचे बटण दाबून पाहावे, आणि कूलरच्या पत्र्याला अर्थिंग करून घ्यावे.

कारखान्यांत अर्थिंग मोजून वहीत आकडा लिहितात. तपासनीस येतो तेव्हा ती वही उघडली जाते. श्रोत्यांत कारखान्यांची मंडळी असतील, त्यांनी आकड्याशेजारची तारीख अवश्य पाहावी. ऑगस्टमध्ये भिजल्या जमिनीत घेतलेला आकडा देखणा असतो. आम्ही विचारतो तो मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातला.