उंदीर, घूस आणि चिचुंद्री : आधी ओळख, मग उपाय

(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणातून)



२५ वर्षांच्या आठवणी इतरांनी छान सांगितल्या. मी बोलणार आहे ते बागेतल्या, कधीच मेंटेनन्स न भरणाऱ्या रहिवाशांबद्दल!

तीन वर्षांपूर्वी बागेत बिळं दिसू लागली. तेव्हा मी खजिनदार होतो. रात्री भिंतीच्या कडेने काहीतरी पळायचं, म्हणून आपण तिथे चिकट पॅड ठेवले. रोज सकाळी दोन-तीन ‘उंदीर’ सापडायचे. बिल आलं, मी चेकवर सही केली, विषय संपला. पुढे पावसाळ्यात टाकीजवळची फरशी खचली. फिरायला निघालेल्या एका वहिनींचा पाय आत गेला, त्या हातावर पडल्या आणि मनगट मोडलं. खाली पाहिलं तर सगळी माती पोखरलेली.

पॅडवर सापडत होत्या त्या चिचुंद्र्या. पोखरत होती ती घूस. बँकेत ३४ वर्षं सही जुळवल्याशिवाय चेक पास केला नाही, आणि इथे ओळख न पटवताच निकाल दिला. वहिनींची माफी मी तेव्हाच मागितली. आज सर्वांसमोर पुन्हा मागतो.

आता ओळख सांगतो. चिचुंद्री मुळात उंदीरच नव्हे. तिचं नाक लांब, टोकदार आणि सतत हलतं, डोळे बारीक, शेपूट बुडाशी जाड. चिक्‌चिक् आवाज करते आणि उग्र वास सोडते. खाते मुख्यतः झुरळं आणि किडे, म्हणजे फुकटचं पेस्ट कंट्रोल! पिल्लं एकमेकांची शेपटी धरून आईमागे आगगाडीसारखी जातात, ते मुलांनी जरूर बघावं.

घरातला छोटा उंदीर जेमतेम १५-२० ग्रॅमचा. त्याच्या लेंड्या तांदळाच्या दाण्याएवढ्या. मोठा काळा उंदीर चढण्यात पटाईत. कान मोठे, शेपूट अंगापेक्षा लांब. पाइपावरून, झाडावरून वर येतो तो हाच. घूस मात्र जाडजूड, तोंड बोथट, शेपूट अंगापेक्षा आखूड. बिळाबाहेर ताज्या मातीचा ढीग दिसला की समजा, घूस आहे.

बीळ चालू आहे का, हे कळायला संध्याकाळी ते मातीने बुजवा. सकाळी उकरलेलं दिसलं तर आत कोणीतरी आहे. हातमोजे मात्र घाला. उंदीर-घुशींच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. आणि कचऱ्याचे डबे झाका, कबुतरांना दाणे टाकणं थांबवा. खाणं मिळालं नाही तर पाहुणे टिकत नाहीत.

शेवटी नव्या कमिटीला एवढंच सांगणं : पुढच्या वेळी बिलावर सही करण्याआधी टॉर्च घेऊन एकदा बागेत जाऊन या. मी येईन सोबत.