फुकटचे साधन आणि मुक्त साधन

(संस्थेच्या विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



संगणकाची मोफत साधने शिकवण्यासाठी कशी वापरावीत, यावर दोन शब्द बोलण्यास आम्हांस सांगण्यात आले आहे. आम्ही तज्ज्ञ नाही. दर रविवारी अभ्यासिकेत मुलांना शिकवतो, एवढाच आमचा अधिकार.

दोन वर्षांपूर्वी आठवी-नववीच्या मुलांना आम्ही एक काम दिले. घरातील वृद्धांकडून १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी ऐकायच्या, मोबाईलवर ध्वनिमुद्रित करायच्या आणि त्यांचा पाच मिनिटांचा कार्यक्रम तयार करायचा. मुलांनी किती आणले! खडी फोडून हाताला आलेले फोड, सुकडी, लाल मिलो ज्वारीची भाकरी. पुस्तकात एका ओळीत संपणारा दुष्काळ वर्गात बोलू लागला.

जोडकामासाठी आम्ही एक फुकट मिळणारे ॲप घेतले. काही आठवड्यांनी त्याने पैसे मागितले. पैसे भरले नाहीत, तेव्हा आत ठेवलेले काम बाहेर निघेना. त्याच महिन्यात एका मुलीची आजी वारली. मोबाईलमध्ये जागा नाही म्हणून मूळ ध्वनिमुद्रण मुलीने आधीच पुसले होते. आजीचा आवाज परत मिळाला नाही. ही चूक त्या मुलीची नव्हे, आमची होती.

तेव्हा आम्हांला फुकट आणि मुक्त यांतला फरक कळला. फुकटच्या वस्तूची किल्ली मालकाच्या हाती राहते. मुक्त प्रोग्राम वापरण्याचा, तपासण्याचा, बदलण्याचा आणि इतरांना वाटण्याचा हक्क आपल्याला असतो. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली या विचाराने काम जाहीर केले. त्यामुळे असा प्रोग्राम पेनड्राइव्हवर घालून दहा मुलांना दिला तरी तो गुन्हा नव्हे. ज्यांच्या घरी विकत घेण्याची ऐपत नाही, त्यांच्यासाठी ही गोष्ट लहान नाही.

आता आम्ही आवाजासाठी ऑडॅसिटी, चित्रफितीसाठी ओपनशॉट आणि लेखनासाठी लिबरऑफिस वापरतो. अभ्यासिकेतील जुन्या संगणकावर, इंटरनेट नसतानाही, ऑडॅसिटी चालते. मुलांना आम्ही एक युक्ती शिकवली आहे. बोलणे सुरू होण्यापूर्वी दहा सेकंद कोणी बोलायचे नाही. नुसती खोली ध्वनिमुद्रित करायची. त्यातील रस्त्याची घरघर प्रोग्रामला नमुना म्हणून दाखवली, की सगळ्या ध्वनिमुद्रणातून ती कमी करता येते. मात्र मूळ प्रत आधी ‘वेव्ह’ फाइल म्हणून दोन ठिकाणी ठेवायची, मगच काटछाट करायची.

मागे सिनेमाचे गाणे लावण्याचा मोह मुलांना होतो. पण ते दुसऱ्याच्या मालकीचे असते. २००२ सालापासून क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्यांखाली अनेक कलावंतांनी आपले काम खुले केले आहे. परवान्याच्या अटी पाळून, कर्त्याचे नाव देऊन ते वापरता येते. आमच्या मुलांनी तर याहून चांगला मार्ग काढला. त्यांनी जात्याची घरघर आणि विहिरीत पडणाऱ्या पोहऱ्याचा आवाज स्वतःच ध्वनिमुद्रित केला.

आणखी एक. ज्यांचा आवाज घेतो त्यांची परवानगी आधी घ्यावी आणि तयार झालेला कार्यक्रम सर्वांत आधी त्यांनाच ऐकवावा. एका आजोबांनी आपलाच आवाज ऐकून, “हे मी बोललो?” असे विचारले आणि राहिलेली अर्धी हकिकत त्यानंतर सांगितली.

मित्रहो, संगणक शिकवत नाही; ऐकण्याची सवय शिकवते. साधन फक्त ऐकलेले जपून ठेवते. म्हणून ते असे निवडा, की जपलेले आपल्याच हाती राहील. आज घरी गेल्यावर आजी-आजोबांजवळ बसा, एक प्रश्न विचारा आणि उत्तराच्या दोन प्रती ठेवा. तिसऱ्या प्रतीसाठी अभ्यासिकेचा संगणक आहेच.