डोंगर उचलून आणू नका



अध्यक्षाने पहिली दहा मिनिटं सत्काराचे आभार मानण्यात घालवायची, अशी आपल्याकडे रीत आहे. माझी ती दहा मिनिटं मी संगणक परिचालकांच्या चर्चासत्राला देऊन टाकतो. नारळ तेवढा घरी नेतो.

ग्रामपंचायत अधिकारी, नगरपरिषदांमधले सहकारी आणि संगणक परिचालक यांची ही परिषद द्रोणागिरीत भरवलीत ते बरं केलंत. रहिवाशाची माहिती कोण गोळा करतं आणि तिचं पुढे काय होतं, हे बघायला यापेक्षा बोलकी जागा सापडणार नाही. पत्त्यात नवी मुंबई, पण १९९२ साली स्थापन झालेल्या नवी मुंबई महापालिकेची हद्द इथवर येत नाही. तालुका उरण, जिल्हा रायगड. वसाहत सिडकोची, पोलीस आयुक्तालय नवी मुंबईचं, बोकडवीरा-फुंडे अशा मूळ गावांचा कारभार ग्रामपंचायतींकडे, शेजारी उरण नगरपरिषद. जानेवारी २०२४ मध्ये लोकल उरणपर्यंत आली, अटल सेतूही त्याच महिन्यात खुला झाला, आणि इथे बाहेरून राहायला येणारं माणूस वाढलं. असं एखादं जोडपं सेक्टरमध्ये भाड्याने घर घेतं. सोसायटीला आधारची झेरॉक्स. पोलीस ठाण्यात भाडेकरूचा अर्ज, तिथे पुन्हा झेरॉक्स आणि फोटो. गॅसला एक, शाळेला एक, मूल झालं की दाखल्यासाठी आणखी एक. गेटवर वॉचमनची वही असतेच. तिच्यात आपल्या आधी आलेल्या वीस जणांचे मोबाइल नंबर वाचत वाचत आपण आपला लिहितो.

एकाच घराची कुंडली अशी पाच-सहा कपाटांत जाऊन पडते. यातलं कुठलंही कपाट उघडून विचारा, की हा कागद का घेतला आणि कधीपर्यंत ठेवणार? पहिल्या प्रश्नाला उत्तर येतं, ‘वरून आलंय’. दुसऱ्याला येतच नाही.

त्या बाजूला करंजाकडे द्रोणागिरीचा डोंगर आहे. मारुती पर्वत घेऊन चालला असताना त्याचा तुकडा इथे पडला, ही आख्यायिका इथल्या पोरासोरांनाही ठाऊक आहे. संजीवनी कोणती ते कळेना, म्हणून त्याने अख्खा डोंगर उचलला. लक्ष्मण वाचला, त्यामुळे त्याला माफ आहे. आपण मात्र नळजोडणीच्या अर्जाला डोंगर मागतो. आधार, पॅन, रेशनकार्ड, बँक पासबुकाचं पहिलं पान. पासबुक कशाला, असं एखाद्या म्हाताऱ्याने विचारलं तर म्हणतो, ‘असू द्या आजोबा, लागलं तर’.

त्या आजोबांना मोबाइल नसतो. मग अर्जात नंबर कुणाचा? परिचालकाचा. त्यात त्याची लबाडी नसते, उलट मदत म्हणूनच तो स्वतःचा नंबर टाकतो, कारण ओटीपी आल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. पण मग एका पोराच्या फोनवर गावातल्या अनेकांचे ओटीपी येऊ लागतात. मानधन थकलं म्हणून तो काम सोडून गेला, की नंबरही त्याच्याबरोबर गेला. दुसरी गोष्ट डीएससीची. दाखल्यांवर डिजिटल सही उमटवणारं ते बोटाएवढं यंत्र ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या खिशात असायला हवं. ते परिचालकाच्या ड्रॉवरमध्ये असतं, आणि पासवर्ड मॉनिटरच्या खाली चिकटवलेला असतो. हसू नका. हसणाऱ्यांपैकी कितीजणांचं डीएससी आत्ता या क्षणी कुठे आहे, ते विचारायला लावू नका. एका अधिकाऱ्याकडे तीन गावं दिली की तो डीएससी ठेवून जाणार नाही तर काय करणार, हेही मला कळतं. तो दोष पदं न भरणाऱ्यांचा आहे.

आता कायदा. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. ऑगस्ट २०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा आला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम. त्यातल्या मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला दीड वर्षाची मुदत आहे, म्हणजे मे २०२७. सरकारी लाभ, दाखला किंवा परवाना द्यायचा असेल तर काही अटींवर रहिवाशाची वेगळी संमती घ्यावी लागत नाही, हे वाचून आपल्यापैकी अनेकांनी सुटकेचा श्वास टाकला. पुढचं वाचलं नाही. गरजेपुरतीच माहिती घ्या, सांगितलेल्या कामासाठीच वापरा, गरज असेपर्यंतच ठेवा, हे मापदंड आपल्यालाही आहेत. माहिती फुटली तर ज्याची फुटली त्याला कळवायचं, आणि माहिती संरक्षण मंडळाला ७२ तासांत तपशील द्यायचा. सुरक्षेत कसूर झाली तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी. आधारचे नंबर उघड्यावर टाकू नयेत हे तर २०१६ च्या आधार कायद्यातच आहे. तरीही २०१७ मध्ये केंद्र आणि राज्यांच्या मिळून सुमारे २१० सरकारी संकेतस्थळांवर लाभार्थ्यांचे आधार तपशील झळकलेले आढळले. कुणी चोरी केली नव्हती. कुणीतरी इमाने इतबारे यादी ‘अपलोड’ केली होती.

म्हणून आता सगळंच कुलपात टाका, असं म्हणणारे निघाले आहेत. मला जास्त भीती त्यांची वाटते, आणि ती या मातीत उभं राहून बोलून दाखवलीच पाहिजे. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली इथले शेतकरी सिडकोसाठी गेलेल्या जमिनींच्या मोबदल्यासाठी रस्त्यावर उतरले, जासई-नवघर परिसरात गोळीबार झाला, पाचजण हुतात्मा झाले. त्यातून गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के भूखंड परत देण्याची योजना आली. १९९० आणि १९९४ चे शासननिर्णय इथल्या अनेक घरांत ट्रंकेत जपून ठेवलेले असतील. जमीन गेली आजोबांच्या नावावरची, पात्र ठरायचे नातू आणि लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या आत्या. कुणाचं नाव यादीत आलं, कुणाचं वगळलं, भूखंड कोणत्या सेक्टरमध्ये पडला, हे चारचौघांत वाचता आलं तरच वगळलेली आत्या हरकत घेऊ शकते. ही माहिती वैयक्तिक आहेच. पण ती झाकली तर फायदा दलालाचा.

माहिती अधिकाराच्या कायद्यातलं कलम ८(१)(ञ) माहिती संरक्षणाच्या या नव्या कायद्याने बदललं. पूर्वी वैयक्तिक माहिती नाकारताना तिचा सार्वजनिक कामाशी संबंध आहे का, हे त्या कलमातच तपासावं लागे. आता ‘वैयक्तिक आहे’ एवढं म्हणून अर्ज फेटाळायचा मोह होणार. मोह झाला की कलम ८(२) आठवा. व्यापक सार्वजनिक हितासाठी माहिती देण्याची मुभा तिथे अजून शाबूत आहे. घरकुलाची यादी ग्रामसभेत वाचायची ती वाचायचीच. नाव, गाव, योजना, रक्कम. आधार, मोबाइल, खातेक्रमांक नाही. आज नेमकं उलटं चालतं. ठेकेदाराचं बिल मागितलं की तोंडाला कुलूप, आणि विधवा पेन्शनचे अर्ज फोटोसकट व्हॉट्सॲप ग्रुपवर.

आणि सगळं जुनं जाळूही नका. कोतवाल बुकात जन्ममृत्यू लिहिणाऱ्या माणसाला स्वप्नातही वाटलं नसेल की २०२३ मध्ये मराठा-कुणबी दाखल्यांसाठी नेमलेल्या न्यायमूर्ती शिंदे समितीच्या कामात लोक त्या जीर्ण पानांवर कुणबी नोंद शोधतील. जन्माची नोंद कायमची ठेवायची, तिला जोडलेली आधारची झेरॉक्स काम होताच नष्ट करायची. दोन्ही एकाच फायलीत असतात म्हणून दोघांना एकच न्याय नको.

उद्या सकाळच्या सत्रात मी एक ठराव मांडणार आहे. प्रत्येक कार्यालयाने अर्जाच्या नमुन्यात मागितलेल्या प्रत्येक कागदासमोर तो का हवा, हे एका ओळीत लिहावं. ओळ सुचली नाही तर कागद गाळावा. आधार बघून परत द्यावं, प्रत लागलीच तर शेवटचे चार आकडे दिसणारं मास्क्ड आधार घ्यावं. ज्यांना मोबाइल नाही त्यांच्यासाठी परिचालकाचा नव्हे, कार्यालयाचा नंबर असावा आणि त्यावर येणाऱ्या ओटीपीची नोंद ठेवावी. कपाटातल्या जुन्या झेरॉक्स पंचांसमक्ष फाडाव्यात, रद्दीवाल्याला किलोवर देऊ नयेत. मसुदा नोंदणीच्या टेबलावर ठेवला आहे. दुरुस्त्या रात्रीपर्यंत लिहून द्या. खाली नाव लिहा, गाव लिहा. मोबाइल नंबरचा रकाना आयोजकांनी सवयीने ठेवला होता, तो मी सकाळीच खोडायला लावला आहे.