सरड्याच्या डोक्यातला मृग

मृग जवळ आला की आमच्या भंडारा जिल्ह्यात दोघांची धांदल उडते. एक शेतकरी आणि दुसरा कुंपणावरचा सरडा. या दिवसांत नर सरड्याचं डोकं आणि गळा लालभडक होतो. तो पुढचे पाय ताणून जोर काढल्यासारखा वर-खाली होतो आणि ‘हा रक्त पितो’ म्हणत पोरं दगड उचलतात. लहानपणी मीही उचलले आहेत. सरडा रक्त पीत नाही. तो किडे खातो. ती लाली त्याच्या लग्नसराईची असते, एवढंच!

पण ही सराई आली हे त्याला कळतं कसं? मेंदूच्या तळाशी पीयूषिका नावाची ग्रंथी असते. सरड्यात ती मोहरीच्या दाण्याहूनही लहान. तिच्यातल्या काही पेशी जननग्रंथींना जागं करणारं संप्रेरक तयार करतात. ग्रंथीचा पातळ काप घेऊन त्याला विशिष्ट रंग दिला की या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली किरमिजी दिसतात. हिवाळ्यात त्या आक्रसलेल्या असतात. ऊन तापू लागलं, दिवस मोठा झाला की फुगतात, दाणेदार मालाने भरतात आणि ऐन हंगामात तो माल रक्तात सोडून रित्या होतात. धानाची कोठीच म्हणा ना! आपल्याकडे जूनमधला दिवस डिसेंबरमधल्या दिवसापेक्षा अडीच तासांहून अधिक मोठा असतो. पण सरड्याच्या बाबतीत उष्णतेचा वाटाही मोठा.

या पेशींना हुकूम येतो तो मेंदूकडून, एका निरोप्या संप्रेरकामार्फत. डुकरांच्या आणि मेंढ्यांच्या मेंदूंपासून त्याची रचना शोधणाऱ्या शॅली आणि गिलमँ यांना १९७७ साली नोबेल मिळालं. त्याच कुळातलं संप्रेरक सरड्यात आहे, तुमच्या-माझ्यातही आहे. फरक इतकाच की आपल्याला हंगाम नाही.

म्हणजे पाऊस येण्याआधीच सरड्याची तयारी झालेली असते. मादीच्या पोटात अंडी तयार होतात. ती घालायला मात्र ओली, भुसभुशीत माती लागते. आणि पाऊस लांबला तर? पऱ्हे टाकून आभाळाकडे बघणाऱ्या शेतकऱ्याला हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. रोवणी लांबली की पऱ्हे जून होतात, उतारा घटतो. सरडीने यावर तोड काढली आहे. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठातील रड्डेर, शानभाग आणि सैदापूर यांनी १९९८ साली दाखवून दिलं की, अंडी घालायला जागा मिळाली नाही तर ही मादी ती पोटातच धरून ठेवते आणि आतल्या पिलाची वाढ एका ठरावीक टप्प्यावर थांबते. पिंजऱ्यातल्या माद्यांवरचं हे निरीक्षण आहे. मला तर ते वाचून तिचा हेवाच वाटला.

पाऊस पडला की ती धुऱ्याच्या कडेला खड्डा करते, दहा-वीस पांढरी अंडी घालते आणि माती लोटून निघून जाते. पुढचं सारं मातीवर. साधारण दीड-दोन महिन्यांनी पिलं बाहेर येतात. धुरा नीट करताना कुदळीखाली अशी अंडी निघाली तर ती सापाची समजून फोडली जातात. ती पालथी न करता, जशी होती तशीच ठेवून वर ओली माती लोटावी. कुदळ दोन हात पलीकडे मारली तरी चालते.